कौतिकाबाईचा पाट

आमच्या अड्याळ गावात एखादा नियम लागू व्हायचा असेल, तर आधी त्याला कौतिकाबाईसमोर उभं राहावं लागतं. ती त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि विचारते, "कोनं सांगतलं?"

दवाखान्यात आलेल्या नव्या डॉक्टरांनी तिला मीठ कमी करायला सांगितलं.

"कोनं सांगतलं?"

"मीच सांगतोय."

"तुमाले कोनं सांगतलं?"

डॉक्टर बिचारे पुस्तकापर्यंत मागे सरकले. "त्या पुस्तकवाल्यानं माह्या हातची भाजी खाल्ली हाये का?" इथे डॉक्टरांनी शस्त्र खाली ठेवलं.

ती आमच्या शेजारी राहते, आठवडी बाजारात भाजी विकते. अगदी तरुणपणी विधवा झाली. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला न बोलावता जाऊन बसायची. पहिल्या वर्षी बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी धीर करून म्हणालं, विधवेनं कुंकू लावू नये. "कोनं सांगतलं?" उत्तरासाठी बायका म्हाताऱ्यांकडे वळल्या. तेवढ्यात तिने करंडा ओढून घेतला होता. मी या प्रथेविरुद्ध पत्रकं छापली, चौकात भाषणं केली, त्याने करंड्याचं झाकणही हललं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तिने दुसरं लग्न केलं. सोमाजी सायकली दुरुस्त करतो, थोडं धानही पिकवतो. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तो रोज तिच्याकडून वांगी न्यायचा.

"भाजी करता येते का तुले?" तिने एकदा विचारलं.

"नाही."

"मंग नेतेस काहून?"

सोमाजीने आणखी एक वांगं पिशवीत टाकलं. तेवढ्यावर ठरलं.

विधवेच्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात. तो अंधार पडल्यावर, घराच्या मागे, चोरीचा माल उतरवावा तसा लावतात. सवाष्णींनी त्या बाईचं तोंड पाहायचं नसतं. कौतिकाबाईने पाट लावला भर दुपारी, भर बाजारात, स्वतःच्या दुकानापुढे. ज्यांनी तोंड फिरवलं, त्यांना त्या दिवशी भाजी दिली नाही.

दिवाळी उलटली, धान कापून झालं, आणि एका सकाळी ती माझ्या दारात आली. "चाल, कचेरीत जाऊ. माहं नाव काढाचं हाये."

विधवा म्हणून तिला निराधारांचं अनुदान मिळत होतं. लग्न झालं की ते बंद होतं, आणि तसं लगेच कळवावं लागतं. तिने कळवलं नव्हतं. मी अर्ज लिहायला बसलो आणि पितृसत्तेवर तीन परिच्छेद लिहूनच उठलो. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

"हे कोनाले शिव्या दिल्या?"

"व्यवस्थेला."

"ते बसते का त्या कचेरीत?"

"नाही."

"मंग खोड."

सोमाजीला घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. कचेरीच्या दाराशी कुणाची तरी सायकल चेन उतरून पडली होती, तो तिथेच बसला. आत कारकुनाने अर्ज वाचला आणि आवाज खाली आणला.

"मावशी, लोकं इथं नाव घालाले येतेत. काढाले कोनी येत नाही. चूप राहा, घेत राहा."

"कोनं सांगतलं?"

"मी सांगून राहिलो. तुमच्या भल्यासाठी."

"पाट लागल्यापासून एक रुपया नाही काढला. खात्यात पडला हाये, घेऊन जा. सारा जलम लोकायनं मले विधवा म्हटलं. आता माहा मानूस दारात बसला हाये जिताजागता, अन तुमी म्हनता, विधवाच राहा?"

कारकुनाने संगणकावर बराच वेळ शोधाशोध केली. नाव कमी करायला तिथे एकच कारण होतं: लाभार्थी मयत.

"मंग मरू का आता?" कौतिकाबाईने विचारलं.

मी उभा राहिलो. म्हणालो, या यादीत बाईला शिरायचं तर नवरा मेलेला पाहिजे आणि बाहेर पडायचं तर ती स्वतः मेलेली पाहिजे, हा कुठला न्याय? आणखी बोलणार होतो, पण तिने सदरा ओढून मला खाली बसवलं.

शेवटी कारकून म्हणाला, साहेबांपुढे अर्ज ठेवतो, ते हाताने नाव काढतील. "पन उशिराचं कारण लिवा लागते. पाट उन्हाळ्यात लागला. इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

मला वाटलं, आता या नियमाचीही उलटतपासणी होणार. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. सोमाजी मान खाली घालून चेन चढवत होता.

"बापू, पयलं लगन बी उन्हाळ्यातच झालं होतं," ती कारकुनाला म्हणाली. "धान निसवलं, लोंब्या आल्या, अन साप चावला त्याले. कापाले राहिला नाही. लोकं म्हने, पोरीनं नवरा खाल्ला. साऱ्यायशी भांडली मी. पन मनात वाटे, खरं असन का." तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "म्हनून म्हटलं, याच्या बांधीतलं धान घरी येऊ दे. तोवर नाव राहू दे. हा बी गेला असता, तर पुन्हा कोन येईन विधवा म्हनून लिवाले?"

कारकुनाने अर्ज पुढे ओढला. "मावशी, हे कसं लिवू?"

"लिव, बाई भेत होती."

त्याने लिहिलं. मग पुढची ओळ विचारली, "नवऱ्याचं नाव?"

बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडे मानतात. या समजुतीवर माझं एक अख्खं पत्रक आहे, आणि ते मी तिला वाचूनही दाखवलेलं आहे. कौतिकाबाईने तोंड उघडलं, मिटलं, पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळली.

"तू सांग, पोरा."

मी सांगितलं.