मेंढरू हरवण्याचा कार्यक्रम

माणसाचा आत्मा एकच असला, तरी त्यात शिरायची दारं तीन असतात. कान, डोळे आणि हात. सन १९४६ पर्यंत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, त्यामुळे त्याआधीचे सगळे संत चुकीच्या दारानं आत गेले असं धरून चालावं लागतं.

हा शोध एका मिशनच्या शिक्षणसमितीनं लावला, आणि आटपाडीकडच्या एका वाडीत तो अमलात आणायला पर्यवेक्षक दानिएलराव सायकलवरून आले. वाडीच्या बायबलबाई म्हणजे रंगूबाई. त्या लिंबाखाली बसून येशूच्या गोष्टी सांगत. बायका ऐकत, डोळ्याला पदर लावत, मध्येच आज कोरड्यास काय केलं ते विचारत. (ही पद्धत अशास्त्रीय होती.)

दानिएलरावांनी आधी परीक्षा घेतली. समोर घंटा, चित्र आणि मातीचा गोळा. जी बाई ज्याकडे वळेल ते तिचं दार. बहुतेक बायका हातवाल्या निघाल्या, कारण माती चुलीला बरी होती. म्हाताऱ्या मनुबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हातात काय आलंय ते कळेना, म्हणून त्यांनी चित्र नाकाला लावून बराच वेळ धरलं. इतकी एकाग्रता दानिएलरावांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मनुबाई डोळेवाल्यांत गेल्या.

नियम कडक होता. ज्याचं जे दार, त्याच दारानं शिकवायचं. दोन दारं एकदम उघडली तर आत्म्याला अपचन होतं. त्यामुळे वर्षानुवर्षं गोष्टी ऐकणाऱ्या मनुबाईंना आता मुकाट्यानं चित्रं दाखवली जाऊ लागली.

"पोरी, तोंडानं सांग की गं," त्या म्हणत. रंगूबाई दानिएलरावांकडे बघत आणि चित्र बदलत.

मग येशूचा हरवलेल्या मेंढराचा दाखला आला: शंभरांतलं एक हरवलं, तर मेंढपाळ नव्याण्णव मागे सोडून त्याला शोधायला जातो आणि खांद्यावर घेऊन येतो. तो अनुभवातून शिकवायचं ठरलं, म्हणजे मेंढरू खरंच हरवायचं. मेंढरं ज्ञानू धनगराची. त्यानं दाखला ऐकून घेतला आणि म्हणाला, "एकापायी समदी माळावर सोडून कोण जातं, सायेब? लांडगा काय बायबल वाचून येतो व्हय?" ही शंका कानवाल्यांची असल्यानं ती त्या विभागाकडे पाठवण्यात आली.

मेंढरू नेऊन सोडलं की आपल्या पायानं कळपात परत येई. हरवण्याचं शिक्षण त्याला कुणी दिलंच नव्हतं. शेवटी त्याला ओढ्यात बाभळीला बांधून हरवलं. कानवाल्या ओरडणं ऐकायला बसल्या, हातवाल्या खांद्यावर घ्यायला तयार राहिल्या, आणि मनुबाईंना लांबवर बघायला टेकडीवर पाठवलं. त्यांचं दारच ते होतं.

दिवस कलताना मेंढरू सापडलं. हातवाल्यांनी आळीपाळीनं खांद्यावर घेतलं, गूळ वाटला, गीत सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला रंगूबाई थांबल्या.

"मनुबाई आल्या न्हाईत."

"बाई, कार्यक्रमात फक्त मेंढरू हरवायचं होतं," दानिएलराव समजुतीनं म्हणाले. "गीत पुरं होऊ द्या."

रंगूबाई चपला न घालताच निघाल्या. मनुबाई टेकडीपलीकडच्या ओघळीत बसलेल्या सापडल्या. गुडघा सोललेला, तोंड भलत्याच दिशेला.

"मेंढरू घावलं?"

"घावलं, मावशी."

"मग तू कशाला आलीस गं?"

रंगूबाईंनी म्हातारीचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"बरं, हितं सायेब न्हाई," मनुबाई हळूच म्हणाल्या. "आता सांग ती गोष्ट. तोंडानं."

दानिएलरावांचा अहवाल सविस्तर होता. उपक्रम यशस्वी. मेंढरू सुखरूप. मात्र बायबलबाई एका म्हातारीपायी भरला वर्ग सोडून निघून गेल्या. दाखल्याचा आशय त्यांना समजलेला दिसत नाही.

राहता राहिले वाचक. मेंढरू सापडल्यावर तुम्हांलाही हायसं वाटलं असेल, आणि रंगूबाई बोलेपर्यंत टेकडीवरच्या म्हातारीची आठवण झाली नसेल, तर मुळीच वाईट वाटून घेऊ नये. समितीच्या नियमाप्रमाणे तुम्ही उत्तीर्ण आहात.