पिवळी रेषा आणि सासूबाई

आपल्या बारा वर्षांच्या कारकिर्दीत इथे कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही, असं त्या छोट्याशा विमानतळाचे सुरक्षा अधिकारी दिवसातून चारदा सांगत. त्यांना चांगलं चकचकीत टक्कल होतं, त्यामुळे हे वाक्य कानावर पडलं की वैमानिक एकमेकांकडे बघायचं टाळत.

वार्षिक तपासणीच्या दिवशी त्यांनी आठवडाभर राहायला आलेल्या सासूबाईंना मुद्दाम सोबत आणलं. जावई नेमका काय करतो, ते त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून. इतकी वर्षं त्या शेजारणींना, ‘विमानं राखतो’ एवढंच सांगत आल्या होत्या.

तपासणीचे साहेब यायला वेळ होता. तेवढ्यात जावयांनी सगळे नियम समजावले. विमानाच्या नाकावरचा पंखा फिरायला लागला की दिसेनासा होतो आणि कधी सुरू होईल याचा नेम नसतो, म्हणून तो थांबलेला असला तरी जिवंतच समजायचा. विमानाजवळ जायचं ते मागून, तेही वैमानिकाने खूण केल्यावर. आणि पिवळी रेषा कुणीही ओलांडायची नाही.

“कुणीही म्हणजे?” सासूबाईंनी विचारलं.

“अगदी कुणीही,” जावई ऐटीत म्हणाले.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. नियम ऐकला की तो पाळून घ्यायचा, ही जन्माची सवय. पंख्याला टेकून चहा पिणाऱ्या मेकॅनिकला त्यांनी बाहेर काढलं. वैमानिकाला शेपटीकडून वळसा घालायला लावला. मग एक गृहस्थ कागद वाचत वाचत रेषेवर आले, तेव्हा त्यांनी आवाज चढवला.

“मागे व्हा. वाचन नंतर.”

ते गृहस्थ म्हणजेच तपासणीचे साहेब. जावयांनी घाईने हात जोडले. साहेब मात्र मुकाट्याने दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

काय टिपलं असेल या विचाराने जावई अर्धे झाले. एवढ्यात वैमानिकाने ओरडून सूचना दिली आणि इंजिन सुरू केलं. पंख्याने हवा खेचली, साहेबांच्या हातातला कागद सुटला आणि तरंगत विमानाकडे निघाला. बिघडलेलं सावरायची हीच संधी, असं वाटून जावई कागदामागे धावले.

सासूबाईंच्या छत्रीची मूठ मागून त्यांच्या कॉलरमध्ये अडकली. ते धप्पकन रेषेवर बसले. कागद पुढे गेला आणि त्याचा भुगा होऊन विमानाच्या मागे उडाला.

वैमानिकाने घाईने इंजिन बंद केलं. कुणी हसलं नाही. जावई त्या कपट्यांकडे बघत राहिले.

“लागलं का हो?” सासूबाईंनी विचारलं. मग त्यांनी कॉलरमधून छत्रीची मूठ सोडवली.

चार दिवसांनी अहवाल आला. जावयांनी तो दार लावून वाचला. ‘येथील सुरक्षा अधिकारी बाई अत्यंत दक्ष आहेत. त्यांच्या मदतनिसाला मात्र प्रशिक्षणाची नितांत गरज आहे. महिन्याभराने पुन्हा तपासणी होईल. बाईंनी हजर राहावे.’

संध्याकाळी बायकोने पाहिलं, तर नवरा स्टुलावर चढून तिच्या आईची गावी जायला भरलेली बॅग माळ्यावर टाकत होता. आणि नुसती टाकत नव्हता, चांगली आतपर्यंत ढकलत होता.