मोनालीला वाचता येतं त्याची गोष्ट

शिक्षणात शिक्षकापेक्षा पद मोठं. शिक्षक येतो-जातो, पद मंजूर राहतं. (रिकामं असलं तर जास्तच टिकतं.)

सारसोळ्याच्या शकुबाईला हे ठाऊक नव्हतं. ती बिचारी मासळी विकायची. तिची मोनाली तिसरीत गेली तरी अक्षरं तिच्यापुढे उलटीपालटी व्हायची. म्हणून शहाण्णव साली पालिकेच्या शाळेला शर्मिलाबाई या विशेष शिक्षिका मिळाल्या. बाईंनी फरशीवर सुक्या बोंबलांची अक्षरं मांडून शिकवलं. (खडूंचं अनुदान यायचं होतं.) दिवाळीपर्यंत पोरगी दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचू लागली. शकुबाईने गल्लीभर पेढे वाटले. धाकटी उत्कर्षाही तशीच अडायची; आता तिचंही होईल म्हणून आईचा जीव भांड्यात पडला.

तिथेच घोळ झाला. नियमाने, वाचता न येणारं मूल असेल तोवरच पद. (उत्कर्षा अजून बालवाडीत. रीतसर नापास होईपर्यंत ती खात्याला दिसत नाही.) हेडमास्तर कृष्णात गुरुजी घामाघूम होऊन घरी आले. तपासणीला मोनालीने वाचू नये, नाहीतर बाई जातील, असं त्यांनी समजावलं.

"पोरीला वाचाला येऊ दे म्हनून नवस केला, आन आता नको वाचू सांगू?"

शकुबाई फणकारली. पण उत्कर्षासाठी तिने मोनालीकडून आठवडाभर न वाचण्याचा सराव करून घेतला. पाट्या दिसल्या की पोरगी डोळे मिटायची. दोनदा गटारात पाय गेला. गुरुजींनी प्रगती समाधानकारक असल्याचं कळवलं.

तपासणीत साहेबांनी फळ्यावर 'कमळ' लिहिलं. मोनाली त्याकडे इतकी कोरी बघत राहिली की गुरुजींना भरून आलं. साहेबांनी मान डोलावली आणि शेरा लिहायला घेतला. पोरगी वाकून बघत होती.

"वर्षभरात मूल शिकले नाही. शिक्षिका अकार्यक्षम. बदली करावी," तिने मोठ्याने वाचलं.

साहेबांनी शांतपणे खाली आणखी एक ओळ लिहिली : मूल वाचते, सबब पद अनावश्यक. वरची खोडली नाही. (दोन कारणं असली की फाइल परत येत नाही.)

बाईंना पावणे गावी मतदारयाद्या लिहायला पाठवलं. शकुबाई उत्कर्षाला घेऊन शाळेत रडली, भांडली. पोर नापास झाली की या, पदाचं बघू, असं तिला सांगण्यात आलं.

आणि वाचकहो, आपण इथवर न अडखळता वाचलंत, याची खात्याने नोंद घेतली आहे. आपल्यामुळे आणखी एका पदाचा पगार वाचला. खातं आपलं आभारी आहे.