दौलतराव अस्वलाची बंद ट्रॉली

एका जंगलात एक टेकडी होती. मुलांनो, लगेच नकाशा उघडून बसू नका. गोष्टीतलं जंगल शोधायचं नसतं. मीही शोधलेलं नाही, घरबसल्याच सांगतोय.

त्या टेकडीच्या माथ्यापासून पायथ्याच्या तळ्यापर्यंत एक सरळसोट उतार होता. मोहाची फुलं वेचून झाली की दर वर्षी तिथं गाड्यांची शर्यत लागायची. गाडी माथ्यावर न्यायची, आत बसायचं आणि द्यायची सोडून. इंजिन नाही, बैल नाही. ज्याची गाडी आधी खाली, तो जिंकला.

नियम अगदी सोपे होते. गाडीला चार चाकं हवीत, एक सुकाणू हवं, सुकाणूवर एकच चालक हवा. आणि ब्रेक नसावा, कारण ब्रेक असला की कोणीतरी तो लावतोच. आणखी एक नियम होता. नाव घालून लागोपाठ तीन वर्षं जो उतरला नाही, त्याचं नाव कायमचं कट. पंच म्हणून धनेश पक्षी बसायचा. त्याची ती एवढी मोठी चोच बघितल्यावर वाद घालायला कोणी जात नसे.

याच जंगलात दौलतराव नावाचं अस्वल राहायचं. त्याची एक शर्यतीची गाडी होती, वावटळ. वावटळ म्हणजे काय, तर सागाची एक फळी, खैराची चार चाकं, वेताची इवलीशी बैठक आणि चिंचेच्या लाकडाचं सुकाणू. झालं, संपली गाडी. दौलतराव स्वतः त्यात बसायचा नाही. तो बसला असता तर गाडी दिसलीच नसती.

गाडी चालवायची तानी. तानी म्हणजे मुंगूस. दौलतरावाला ती मामा म्हणायची. तानीला लहानपणापासून एकच वेड, तो उतार. रोज सकाळी ती एका दगडावर बसायची, पळसाची पत्रावळ सुकाणूसारखी हातात धरायची, डोळे मिटायची आणि तोंडानं घर्रर्र करत अख्खा उतार उतरून यायची. कुठं खडक आहे, कुठं वळायचं, कुठं अंग झुकवायचं, सगळं तिला पाठ होतं.

पहिल्या वर्षी दौलतरावानं वावटळ डोक्यावर घेतली आणि चढला टेकडी. तानी मागून उड्या मारत गेली. शर्यतीत त्यांचा दुसरा नंबर आला. पहिला आला गुलाबराव कोल्हा, आणि तोही जेमतेम शेपटीभर पुढं.

तानी म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी आपलाच."

खरं म्हणजे गोष्ट इथंच संपायला हवी होती. दोघांनी वर्षभर सराव केला असता, पुढच्या वर्षी जिंकले असते, आणि तुम्ही एव्हाना जेवून झोपला असता. पण निघताना गुलाबराव कोल्हा दौलतरावाजवळ आला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "गाडी डोक्यावरून आणलीत होय दौलतराव? आम्हाला वाटलं, घरून सरपण आणायला धाडलंय."

सगळे हसले. दौलतरावही हसला. पण घरी आल्यावर त्याला मध गोड लागेना.

"तानू," तो म्हणाला, "गाडी चांगली असून भागत नाही. ती येते कशी, हे लोक बघतात."

"लोक ती जाते कशी ते बघतात, मामा."

"तू लहान आहेस," दौलतराव म्हणाला. आपल्याकडं उत्तर नसलं की समोरचा लहान असतो. हे वाक्य मी आमच्या घरी अनेकदा वापरलं आहे. बायकोवरसुद्धा.

मग दौलतरावानं एक ट्रॉली बांधली. चांगली ऐसपैस. बांबूच्या भिंती, वर पत्रा, मागं दोन पल्ल्यांचं दार. आत वावटळ ठेवायची, दार लावायचं, धूळ नाही की काही नाही. ओढायला रामोजी गवा ठरला. रामोजीनं ट्रॉलीभोवती एक फेरी मारली, चाकाला शिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "मालक, ब्रेक बसवा. चढाचं मी बघतो. उताराचं कोण बघणार?"

"बसवू, बसवू. आधी रंग होऊ दे."

रंग झाला. शर्यतीच्या दिवशी मंडळी निघाली. निम्म्या चढावर खडकात आपटून ट्रॉलीची चाकं मोडली. चारही. घाईत कच्च्या लाकडाची केली होती.

दौलतरावानं डोकं खाजवलं. मग त्यानं वावटळीची खैराची चाकं काढली आणि ट्रॉलीला बसवली.

"मामा," तानी म्हणाली, "आणि वावटळ?"

"अगं, तात्पुरतं. वर पोचलो की परत लावू. ट्रॉली पोचली तरच वावटळ पोचणार ना?"

मुलांनो, तात्पुरतं हा शब्द लक्षात ठेवा. आमच्या नळाला एक चिंधी तात्पुरती बांधलेली आहे. तुम्ही जन्मायच्या आधीपासून आहे.

ते वर पोचले. आता चाकं काढायची, तर ट्रॉली पोटावर बसणार आणि नवा रंग खरवडणार. दौलतराव कधी ट्रॉलीकडं बघायचा, कधी वावटळीकडं. तेवढ्यात शर्यत सुटली. येणारेजाणारे मात्र ट्रॉलीपाशी थांबून म्हणत होते, "वा दौलतराव, काय काम केलंय." दौलतरावाला फार बरं वाटलं. तानी दगडावर बसून इतरांचा उतार बघत राहिली. तिला फार वाईट वाटलं, पण मामा एवढा खूश होता की ती काही बोलली नाही.

आता एक सांगतो. दौलतरावाला हसायचा अधिकार मला नाही. ही गोष्ट मला एका सकाळी सुचली. वही मांडीवर घेऊन लिहिली असती तर दुपारी संपली असती. पण मला वाटलं, लेखकाला टेबल नको? म्हणून सुताराला बोलावलं. टेबल आलं तर त्याला खण हवेत. खण झाले तर वर दिवा हवा. दिवा लागला तर खिडकीला पडदा हवा. पडद्याचं कापड पसंत करता करता मी गोष्टीतल्या कासवाचं नावच विसरलो. म्हणून या गोष्टीत कासव नाही.

असो. पुढच्या वर्षी दौलतरावानं ट्रॉली वाढवली. आत गालिचा, कपाट, चहाची चूल, पाहुण्यांसाठी गाद्या. काजव्यांच्या बाटल्या लावून उजेड केला. खिडक्यांना पडदे लावले. पण ट्रॉली एवढी लांब झाली की घाटाच्या वळणावर वळेलसं दिसेना. तिला पुढून कोणीतरी वळवायला हवं होतं.

मग दौलतरावानं वावटळीचं सुकाणू काढलं आणि ट्रॉलीच्या पुढच्या चाकांना जोडलं. वावटळीची वेताची बैठकही काढली आणि पुढच्या खिडकीशी बसवली. तिथं तानीला बसवलं.

"तात्पुरतं," तो म्हणाला.

"मालक, ब्रेक," रामोजी म्हणाला.

"रामोजी, उद्घाटन तोंडावर आलंय. आत्ता ब्रेक काय काढलास?"

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून हत्ती बोलावला होता. तो उशिरा आला. मग त्यानं दळणवळणाचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. मग फीत कापून आत शिरायला गेला आणि दारात अडकला. त्याला मागून ओढून काढेपर्यंत टेकडीवरची शर्यत आटोपली होती. ट्रॉली त्या वर्षी अंगणातच राहिली. पण हत्तीनं तिची फार स्तुती केली. अडकला असतानासुद्धा करत होता.

त्या संध्याकाळी तानी म्हणाली, "मामा, दोन वर्षं झाली. या खेपेला उतरलो नाही तर आपलं नाव कट. मग मी काय जन्मभर पत्रावळच फिरवत बसू?"

दौलतराव गलबलला. तो वाईट नव्हता हो. त्यानं तानीच्या डोक्यावरून पंजा फिरवला आणि म्हणाला, "या वर्षी वेळेवर पोचायचंच. तू बघच." आणि ट्रॉली वेळेवर पोचावी म्हणून तो तिला पॉलिश करायला बसला.

ट्रॉलीचं तिसरं वर्ष उजाडलं. या वेळी खरोखर सगळं वेळेवर झालं. रामोजीनं ओढलं, तानीनं सुकाणू धरलं, ट्रॉली भल्या सकाळी माथ्यावर पोचली. दौलतरावानं ती फिरवून घेतली, कारण दर्शनी बाजू लोकांकडं हवी आणि लोक तर उतारावर उभे. रामोजीनं ओढायची दांडी सोडवली, चाकाखाली एक भला धोंडा सरकवला आणि तो गवताकडं वळला. दौलतराव आत जाऊन चुलीवर आधण ठेवू लागला.

एकेक गाडी रेषेवर लागली. धनेशानं पुकारलं, "वावटळ. चालक तानी. गाडी आणा."

तानी धावत मागं गेली आणि तिनं ट्रॉलीचं दार उघडलं.

आत गालिचा होता, कपाट होतं, गाद्या होत्या. दोन विटांवर सागाची एक फळी आडवी टाकलेली होती. तिच्यावर कपबशा आणि लोणच्याची बरणी होती.

तानी त्या फळीकडं बघत उभी राहिली. ती वावटळ होती.

"मामा, पुकारलं."

"हो हो, ऐकलं. चाकं इथंच आहेत की. खालीच आहेत. काढून लावायचीत फक्त." दौलतराव खाली वाकला आणि पुन्हा सरळ झाला. "पण आत्ता काढली तर ही बसेल ना गं पोटावर. कालच पॉलिश केलंय. तू असं कर, आधी घोटभर चहा घे."

तानीला रडू आलं. मग राग आला. मग ती एकदम गप्प झाली. मुंगूस गप्प झालं की समजावं, आता काहीतरी होणार.

तिनं बाहेर येऊन दार घट्ट लावून घेतलं आणि ती धनेशाकडं गेली.

"पंच, गाडी हजर आहे."

"कुठं?"

"ही काय. वावटळीची चाकं ही. वावटळीचं सुकाणू हे. वावटळीची बैठक ही. फळी आत आहे."

धनेश ट्रॉलीभोवती फिरला. त्यानं चाकं मोजली, चार भरली. सुकाणू बघितलं. चालक बघितली.

"आत कोण आहे?"

"सामान," तानी म्हणाली.

"ब्रेक?"

हे धनेशानं रामोजीला विचारलं. रामोजीनं तोंडातला घास सावकाश गिळला.

"नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं सांगतोय."

धनेशानं जाहीर केलं, "गाडी नियमात बसते."

गुलाबराव कोल्हा पोट धरून हसला. तानी वेताच्या बैठकीवर बसली. सुकाणू हातात घेतलं.

"रामूकाका, धोंडा काढा."

"काढू?"

"काढा."

रामोजीनं शिंगानं धोंडा बाजूला केला.

सुरुवातीला काहीच झालं नाही. बाकीच्या गाड्या सूं करून निघून गेल्या. ट्रॉली जराशी कुरकुरली, हलली, आणि चालत गेल्यासारखी पुढं सरकली. लोक हसत होते. मग उतार लागला, आणि तीन वर्षांत तिच्यावर चढवलेलं सगळं वजन कामाला लागलं. कपाट, चूल, गाद्या, गालिचा आणि खुद्द दौलतराव.

आतून आवाज आला, "तानू, वारा सुटलाय का गं?"

तानीचं सगळं लक्ष उतारावर होतं. इथं खडक, डावीकडं घे. इथं अंग झुकव. रोज सकाळी जे मिटल्या डोळ्यांनी केलं, ते ती आता उघड्या डोळ्यांनी करत होती. एक गाडी मागं पडली, मग दुसरी, मग सशांची. पुढं फक्त गुलाबराव राहिला. त्यानं मागं वळून बघितलं. पडदे लावलेलं एक घर धडधडत त्याच्या अंगावर येत होतं, आणि खिडकीत हातात किटली धरून एक अस्वल उभं होतं. गुलाबरावानं काही विचार केला नाही. सुकाणू वळवलं आणि सरळ बांबूच्या बेटात घुसला.

ट्रॉलीनं शेवटची रेषा ओलांडली. थांबायची सोय नव्हतीच, म्हणून ती पुढं तळ्यापर्यंत गेली आणि पाण्यात जाऊन बसली.

तानी पोहत काठावर आली. तिला अतोनात आनंद झाला होता. ती नुसती उताराकडं बघत होती. मागून दौलतराव आला, चिंब भिजलेला, गळ्यात पडदा अडकलेला. किटली अजून हातात होती.

"जिंकलो?" त्यानं विचारलं.

"जिंकलो, मामा."

दौलतरावानं किटलीत शिरलेलं तळ्याचं पाणी ओतून दिलं. मग म्हणाला, "तरी मी तुला सांगत होतो, ट्रॉली महत्त्वाची."

त्यानंतर दौलतरावाची ठिकठिकाणी व्याख्यानं झाली. विषय ठरलेला: ब्रेक न बसवण्यामागची माझी दूरदृष्टी. रामोजी मागं उभा राहून रवंथ करत ती ऐकायचा. जंगलात जो तो ट्रॉली बांधू लागला. सशांनी तर किटलीसुद्धा घेतली, कारण जिंकायला नेमकं काय लागतं याची कोणालाच खात्री नव्हती.

आणि दौलतराव? त्यानं ट्रॉली तळ्यातून काढली, पुसली, पुन्हा पॉलिश केली. मग चार पावलं मागं जाऊन तिच्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तानू," तो म्हणाला, "एवढी मानाची गाडी अशी उघडी वर न्यायची? लोक काय म्हणतील? हिला ठेवायला एक मोठी ट्रॉली करू या. चाकं तेवढी हिचीच घेऊ. तात्पुरती."

तानीनं शांतपणे चारही चाकं काढली, बैठक काढली, सुकाणू काढलं. कपबशा उतरवून ठेवल्या, फळी उचलली, आणि सगळं डोक्यावर घेऊन ती घराकडं निघाली.

"अगं, हे काय?"

"तात्पुरतं नेतेय, मामा," ती म्हणाली.

अजून परत केलेलं नाही. आणि ही गोष्टसुद्धा मी अखेर स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून संपवली. टेबलावर बायकोनं पापड वाळत घातलेत. तात्पुरते.

तात्पर्य: साधनाच्या नादात साध्य विसरू नये, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं काही नाही. साधनावर वाटेल तेवढा खर्च करावा, वाटेल तेवढं नटवावं. फक्त शहाण्यांनी सांगितलेला ब्रेक तेवढा बसवायचा राहू द्यावा, आणि पुढच्या बैठकीवर कोणीतरी चिडलेलं असावं.