चिमणीच्या पोटातला गजराज

तुमच्यापैकी कुणीतरी चार ओळींच्या कामासाठी तीनशे बारा लायब्रऱ्या उतरवून घेतल्यात. नाव घेत नाही. ज्याने केलंय, त्याचे कान आत्ता लाल झालेत.

बाकीच्यांनी मांडी घालून ऐका.

एका जंगलात, वडाच्या ढोलीत, एक सर्व्हर होता. त्यावर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम चाले. काम एकच. नदीच्या वरच्या अंगाला पाणमांजराची चौकी होती. तिथे दर तासाला विचारायचं, "पाणी किती?" उत्तर सात हातांच्या वर आलं, की भोंगा वाजवायचा.

काठावरच्या बिळात रंभा ससीण आणि तिची चार पिल्लं राहत. भोंगा त्यांच्यासाठी होता.

प्रश्न नेण्याचं आणि उत्तर आणण्याचं काम 'गजराज' नावाची लायब्ररी करी. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकं नव्हेत, बाळांनो. दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेलं तयार काम. गजराज एकटा कधीच येत नसे. सोबत तीनशे बारा लायब्रऱ्यांचं वऱ्हाड. एक प्रश्नाला मुजरा शिकवी. एक उत्तराला अंघोळ घाली. बाकीच्या काय करत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण काढायची कुणाची छाती नव्हती.

रेवा खार नुकतीच शिकून आली होती. ती म्हणाली, "कोल्होबा, ही 'चिमणी' बघा. एवढीशी लायब्ररी. प्रश्न नेते, उत्तर आणते. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, तर तसं सांगते. बस्स."

लगेच समिती बसली. समित्या लगेचच बसतात. उठायलाच वेळ लागतो.

"इतकी हलकी? म्हणजे कच्ची असणार," कोल्होबा म्हणाले.

"मुजरा करते का?" अस्वलकाकांनी विचारलं.

"मुजरा कशाला, काका? पाणी विचारायचंय!"

"पोरी, आज पाणी विचारशील. उद्या मध विचारावा लागला तर?"

"आणि पिसारा?" मोर म्हणाला. "पिसाऱ्याशिवाय ती सभेत दाखवायची कशी?"

"अहो, काठावर रंभाताईंची पिल्लं आहेत!"

"म्हणून तर घाई नको," कोल्होबा म्हणाले.

शेवटी चिमणी मंजूर झाली. फक्त तिला मुजरा जोडला. मधाची सोय जोडली. पिसारा लावला. आणि हे सगळं पेलावं म्हणून तिच्या पोटात अख्खा गजराज बसवला, वऱ्हाडासकट.

"बघ, तुझंच ऐकलं," अस्वलकाका म्हणाले.

 रेवाने आपल्या फांदीवरच्या लॅपटॉपवर मूळची चिमणी ठेवून घेतली. परवानगी न विचारता.

एका दुपारी डोंगरात ढगफुटी झाली. ढोलीतल्या सर्व्हरने प्रश्न पाठवला. पाणमांजराने उत्तर दिलं, "आठ हात!" उत्तर मुजरा करत, अंघोळ करत निघालं आणि एकशे सदतिसाव्या लायब्ररीपाशी अडकलं. ती एका रातकिड्याची होती. रातकिडा गावाला गेला होता.

रेवाच्या चिमणीने तेच उत्तर क्षणात आणलं. रेवा झाडांवरून उड्या मारत काठाशी गेली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली. रंभा पिल्लांना घेऊन टेकडीवर पोचली, तेव्हा बिळात पाणी शिरत होतं.

पाचही जीव वाचले. म्हणजे नवी यंत्रणा यशस्वी झाली, असं समितीने ठरवलं. तिसऱ्या दिवशी सत्कार ठेवला. शाल अस्वलकाकांना, नारळ मोराला. विनापरवाना ओरडल्याबद्दल रेवाला समज.

कोल्होबांचं भाषण रंगात आलं आणि एवढ्यात भोंगा वाजला. रातकिडा गावाहून परतला होता. "आठ हात! आठ हात!"

सभेने कडाडून टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: हलक्या साधनाला धावायचं असतं, म्हणून त्याच्या अंगावर शाल टाकू नये. शाल जड साधनालाच द्यावी. ते जागचं हलत नाही, त्यामुळे शाल पडत नाही.

टाळ्या ऐकून पाणमांजर चौकीवरून पोहत आलं. त्याने अंग झटकलं आणि शेजारच्या कासवाला विचारलं, "पाणी तर कालच ओसरलं. हे कशाला भोंगा वाजवतायत?"