फळी, वास आणि आमचे हे

"जिथे पोलिसांचं नाक थांबतं, तिथून माझं सुरू होतं," असं आमचे हे स्वतःबद्दल सांगतात. वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणीतरी 'तीक्ष्ण नजर' असे शब्द वापरले आणि त्या संध्याकाळपासून हे गुप्तहेर झाले. नजर तीक्ष्ण, बुद्धी धारदार, कान तिखट, असं ते स्वतःचं वर्णन करतात. मला ते ऐकून माणसापेक्षा सुऱ्यांचा संच आठवतो. मी त्यांची सहायक. पगार नाही, रजा नाही, आणि राजीनाम्याची सोय लग्नातच गेली.

खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या तेव्हा हे पेपर वाचत होते. काकूंची तक्रार एका लाकडी फळीबद्दल होती. त्यांच्या नव्या सुनेची आत्या सुतारकाम करते. तिने भाचीला लग्नात स्वतःच्या हातांनी घडवलेली फळी दिली होती. पाव, चीज, फळं मांडून पाहुण्यांपुढे ठेवायची. एक बाजू रंधा मारून सरळ केलेली, दुसरी झाडाची होती तशीच वळणावळणाची. तिला म्हणे जिवंत कड म्हणतात. आता त्या फळीला वास येत होता.

सूनबाई फळी नीट धूत नाहीत, असा काकूंचा संशय. काकू फळी फरशीच्या फडक्याने पुसतात, असा सूनबाईंचा. एकमेकींना दोघी काहीच बोलल्या नव्हत्या, मला मात्र दोघींनी जिन्यात गाठून सांगितलं होतं. घरात अबोला धरला गेला होता. सूनबाई ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊन जेवायला लागल्या होत्या. रविवारी आत्या जेवायला येणार होती, आणि फळी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकायची, तर आत्याला सांगायचं काय?

यांनी भिंग काढलं. काकूंनी सोबत आणलेल्या फळीवर वाकून बराच वेळ पाहिलं, हुंगलं, आणि मृत्यूचं कारण उघड आहे म्हणाले. कड जिवंत होती. आता नाही. म्हणून वास.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग पालीचा सिद्धांत आला. सालीच्या खोबणीत पाल मरून पडली असणार म्हणून यांनी तिथे माझी केसांची पिन खुपसली. पाल निघाली नाही, पिनही निघाली नाही. त्यानंतर समोरचा फर्निचरवाला. आत्याच्या कलेवर जळणाऱ्या त्या माणसाचा हा कट आहे, असं यांचं मत पडलं. लाकूड म्हटलं की कट आलाच, असं मी म्हणाले, पण तपासाच्या काळात हे हसत नाहीत. त्यांनी फर्निचरवाल्याचा पाठलाग केला. तो न्हाव्याकडे गेला, तेव्हा संशय येऊ नये म्हणून हेही शेजारच्या खुर्चीत बसले. घरी आले ते केस बारीक आणि पुरावा शून्य. राहिले काका, म्हणजे काकूंचे यजमान. त्यांना यांनी पहिल्याच दिवशी वगळलं होतं. ज्या माणसाला स्वतःच्या घरात चमचे कुठे असतात ते माहीत नाही, तो गुन्हा काय करणार?

रविवारी आत्या आली. आता तिच्यासमोरच उलगडा होईल, असं जाहीर करून यांनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. मधोमध फळी आणि पाव. भाषण लांबलं. यांचं बोट काकूंवरून फिरत फिरत सूनबाईंपाशी येऊन थांबलं. त्या पोरीचे डोळे भरले. मला तेव्हा यांचा खरंच राग आला आणि मी यांचा सदरा मागून ओढला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काका वाटी आणि कापसाचा बोळा घेऊन आले.

"जरा सरकता का?" ते यांना म्हणाले. "आजचं तेल लावायचं राहिलंय."

मग काकांनीच सांगितलं. लाकडाला तेल पाजत जा असं आत्याने म्हटल्याचं त्यांनी सुनेच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हापासून दुपारी घर झोपलं की ते फळीला तेल पाजत होते. रोज. ज्यात भजी तळतात तेच.

आत्याने फळी नाकाशी नेली आणि पोट धरून हसली. चूक आपलीच, कोणतं तेल ते सांगायला हवं होतं, असं ती म्हणाली. तळणाचं तेल लाकडात मुरून जुन्या शेंगदाण्यासारखं खवट होतं. फळीला न बिघडणारं, बिनवासाचं, खाण्याला चालणारं खनिज तेल लागतं, नाहीतर मेण, तेही लाकूड कोरडं दिसलं तरच. तिने मीठ मागवलं आणि अर्ध्या लिंबाने फळी घासली. मग ओल्या फडक्याने पुसून, दोन्ही बाजूंना वारा लागावा म्हणून भिंतीशी उभी केली. पाण्यात कधी बुडवून ठेवू नका, हे मात्र दोनदा बजावलं. वास लगेच जाणार नव्हता, असं आणखी काही वेळा करावं लागणार होतं.

"बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?" सूनबाईंनी विचारलं.

काका वाटीत बघत म्हणाले, "लग्नातल्या बाकी सगळ्या वस्तू आम्हीच उघडल्या. ही एकच तू स्वतः उघडलीस, आणि मग कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसलीस. म्हटलं, ही तरी सुकायला नको."

काकू उठल्या. सूनबाईंचं खोलीतलं ताट त्यांनी आणून आपल्या शेजारी मांडलं आणि बस म्हणाल्या. फडक्याचा विषय कुणी काढला नाही.

यांचं बोट अजून हवेतच होतं. ते आता कुठे ठेवावं हे त्यांना समजेना. शेवटी त्यांनी ते पावाकडे वळवलं, आणि डोळे पुसत सूनबाईंनी त्यांना एक तुकडा लोणी लावून दिला.