आप्पांची पिकअप अर्ध्या क्लचवर

क्लच म्हणजे शेवटी घर्षण, आणि घर्षण मी पारनेरच्या कॉलेजात अकरावीच्या पोरांना दरवर्षी शिकवते. तेव्हा आप्पांची जुनी पिकअप शिकायला मला महिनाभर पुरे, असं मी भाकरी थापता थापता जाहीर केलं. माणसाने भाकरी थापताना जाहीर विधानं करू नयेत. हात गुंतलेले असतात, लक्ष तव्याकडे असतं आणि तोंड मोकळं राहतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांची पिकअप माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी, आणि घरात तिचा मानही तेवढाच मोठा. मूळचा पांढरा रंग जुन्या दातांसारखा पिवळट झालेला. पुढचा बंपर रेल्वेच्या रुळातून कापून आणल्यासारखा. काच वर करायची तर तळहाताने ढकलायची. गिअरचा दांडा काठीएवढा लांब, त्यावर काळा गोल लट्टू. ती सुरू झाली की गल्लीतली कुत्री उठून बसत आणि तिसऱ्या गिअरमध्ये गेली की पुन्हा झोपत. आप्पांनी तिच्यातून कांदे नेले, वऱ्हाडं नेली, अडलेल्या बाया दवाखान्यात नेल्या. मग त्यांचा डावा गुडघा गेला. क्लच तर डाव्याच पायाचा. तेव्हापासून गाडी चिंचेखाली उभी आणि आप्पा ओट्यावर बसलेले. दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत.

माझा नवरा गोरक्ष व्यवहारी माणूस. त्याने एके दिवशी बिभीषणशेठना घरी आणलं. शेठचं हायवेवर हॉटेल आहे. दारात जुनी गाडी मांडली की लोक फोटोला थांबतात, आणि थांबले की जेवतात, असं त्यांचं गणित. नाव बिभीषण असलं तरी घरभेदी ते नव्हते. ती जागा आमच्या घरात आधीच भरलेली होती.

"इकायची न्हाई," आप्पा म्हणाले.

"मग चालवणार कोण?" गोरक्षने विचारलं.

आप्पांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि चिंचेकडे बघितलं. ते बघणं मला चुलीपाशी बसून दिसलं, आणि घर्षणाचं ते वाक्य माझ्या तोंडून गेलं.

गोरक्षने लगेच अट घातली. महिन्याने शेठ परत येतील. त्या बाजाराच्या दिवशी मी गाडीत कांद्याच्या गोण्या भरून पारनेरच्या बाजारशेडपर्यंत न्यायच्या. धड पोचले तर गाडी घरात. वाटेत काही झालं तर शेठच्या दारात. आप्पांनी शब्द दिला. शेठ गेल्यावर मला हळूच म्हणाले, "मला कुटं चालवायचीय? नुसतं शेजारी बसायला मिळालं तरी लई झालं."

शिकवणी रिकाम्या वावरात सुरू झाली. घरात आप्पा मला 'तू' म्हणतात, पण गाडीत बसल्यावर 'तुमी' म्हणू लागले. शिकणाऱ्याला मान द्यावा, नाहीतर तो शिकत नाही, असं त्यांचं मत. पहिल्या दिवशी मी त्यांना स्थितिक आणि गतिक घर्षणातला फरक समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं?"

"हो."

"मग आता दाबा."

मी क्लच दाबला.

"सोडा."

मी सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. बांधावरच्या बगळ्यांनी वावर बदललं.

आप्पांच्या सगळ्या शास्त्रात दोनच शब्द होते, दाबा आणि सोडा. कधी, किती, का, हे मी मोजायला गेले की गाडी बंद पडायची. मोजणं सोडून नुसतं त्यांचं ऐकलं की चालायची. तेव्हा मी एक शास्त्रीय निर्णय घेतला. मेंदू मधून काढून टाकायचा. आप्पांचा आवाज थेट डाव्या पायाला जोडायचा.

ते इतकं पक्कं जमलं की एका संध्याकाळी सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं, "भज्यात सोडा घातला का गं?" आणि माझा डावा पाय पाटावरून आपोआप उचलला गेला. घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या कुत्र्याचा प्रयोग मला माहीत होता. त्यावरून सावध व्हायला हवं होतं. मी मात्र खूश झाले.

ठरलेल्या दिवशी बिभीषणशेठ नवीकोरी गाडी घेऊन आले. चकाकणारी, काळी, बिनक्लचची. आप्पांनी दारातून वाकून आत बघितलं.

"दोनच पायडल?"

"ऑटोमॅटिक आहे, आप्पा."

"मग डाव्या पायानं काय करायचं? देवाला सोडायचा?"

शेठ मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. सासूबाईंनी त्यांच्या हॉटेलसाठी गावरान अंड्यांचे दोन क्रेट त्यांच्या डिकीत ठेवले. शेठ पुढे निघाले. त्यांची परतीची वाट बाजारावरूनच होती. गोरक्ष त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसला, उलटा वळून, काचेतून माझ्यावर लक्ष ठेवत. आमच्या पिकअपमध्ये पुढे मी आणि आप्पा, मागे कांद्याच्या गोण्या, आणि गोण्यांवर शेजारच्या बनुबाई. त्यांना मेथी विकायला बाजारात जायचं होतं.

"पडायचं-बिडायचं असंल तर आदी सांग गं," त्या म्हणाल्या. "मी खाली तोंड करून बसते."

गाडी निघाली, आणि खरं सांगते, सुरेख निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. आप्पांनी काचेतून हात बाहेर काढला. वाटेत जो भेटेल त्याला तो हात वर व्हायचा. एस.टी. थांब्यावरची माणसं उभी राहिली. "आप्पा, निगाले का बाजाराला?" "व्हय, निगालो." इतकंच बोलणं, पण ते प्रत्येकाला म्हणताना आप्पांचा आवाज थोडा वर चढत होता. पुढच्या गाडीच्या काचेत गोरक्षचा चेहरा पडत चालला होता. मी मनातल्या मनात त्याला घर्षणाचा धडा पुन्हा शिकवला.

बाजाराच्या अलीकडे चढ आहे. चढाच्या वरच्या टोकाला शेड दिसते. तिथेच एक एस.टी. वळताना अडकली आणि सगळी रांग चढावर थांबली. शेठची गाडी थांबली. तिच्यामागे मी.

आमच्या पिकअपचा हँडब्रेक शोभेचा. त्यामुळे चढावर गाडी धरायची ती अर्ध्या क्लचवर, थोडी रेस देऊन. धड पुढे नाही, धड मागे नाही. लग्न जमता जमता लांबलेल्या मुलीच्या बापासारखी तिची अवस्था.

"अर्ध्यावर ठिवा," आप्पा म्हणाले. "मी सांगत न्हाई तवर हलायचं न्हाई."

मी ठेवलं. मांडी थरथरायला लागली. शेड समोर दिसत होती. मी डोळे शेठच्या नंबरप्लेटवर रोवले आणि कान आप्पांकडे दिले.

आणि डाव्या बाजूने, आप्पांच्याच खिडकीतून, तसाच खरखरीत, तसाच ठाम आवाज आला.

"सोडा."

पायाने सोडला.

पिकअप उडाली. काळ्या गाडीच्या काचेतला गोरक्षचा चेहरा एकदम फार मोठा झाला, मग दिसेनासा झाला. आवाज आला तो फक्त भाजलेला पापड मोडल्यासारखा. शेठच्या गाडीचा मागचा भाग आमच्या बंपरभोवती गोळा झाला होता.

मागून बनुबाईंचा शांत प्रश्न आला. "आला का बाजार?"

"मी काय बोललोच न्हाई," आप्पा म्हणाले.

"तुम्ही सोडा म्हणालात."

"मी म्हनलो," खिडकीबाहेरून एक जण म्हणाला. हातात बाटल्यांची टोपली घेतलेला गारेगार सोडेवाला. "लिंबू घालू का साधाच देऊ?"

गर्दी जमायला पारनेरात वेळ लागत नाही, आणि बाजाराच्या दिवशी तर ती जमलेलीच असते. शेठ उतरले. गोरक्ष उतरला आणि मान चोळत उभा राहिला. शेठच्या डिकीतून काहीतरी पिवळं गळायला लागलं.

"आईल गळतंय," एक जण म्हणाला.

"पिवळं कुटं आईल असतं? गिअरचं असंल."

"शेठच्या गाडीला गिअर न्हाईत म्हनं."

बनुबाई गोण्यांवरून उतरल्या, बोट लावून वास घेतला. "अंडं हाय," त्यांनी निकाल दिला. "साळूबाईच्या कोंबडीचं."

सासूबाईंचं नाव असं चारचौघांत निघालं तेव्हा मला वाटलं, आता याहून वाईट काही व्हायचं नाही. विज्ञानाच्या माणसाने असं कधी समजू नये.

बंपर अडकला होता. गाडी मागे घेणं भाग होतं. आप्पा म्हणाले, "दाबा. चालू करा. मग मागचा टाका." मी क्लच दाबला. रेस दिल्याशिवाय ही गाडी सुरू होत नाही, म्हणून रेसही दिली. इंजिन धडधडलं. दांडा अजून पहिल्या गिअरमध्येच होता. मी त्याकडे हात नेला.

त्याच वेळी गर्दीतला एक पागोटेवाला वडीलधारा माणूस, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, भांडण मिटवायला पुढे आला. भांडण अजून सुरूच झालं नव्हतं, पण ते होऊ नये म्हणून त्याने शेठच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ द्या वो शेठ, बाईमानूस हाय. सोडा."

पाय बाईमाणसाचा होता. त्याला जातपात, मेंदू, परिस्थिती काही कळत नव्हतं. त्याने सोडला.

या वेळी पापड उरलेलाच नव्हता, त्यामुळे आवाज कढईचा आला. शेठची नंबरप्लेट वाजत खाली पडली. दुसरा क्रेटही मोकळा झाला. पागोटेवाला माणूस गर्दीत असा विरघळला, जणू तो कधी नव्हताच.

आप्पांनी हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. वर शेड दिसत होती. चालत गेलं असतं तर तंबाखू मळून होईपर्यंत पोचलो असतो.

बिभीषणशेठ पिकअपभोवती एक चक्कर मारून आले. वाकून बंपर बघितला. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत मी खाली उतरले. तिथे राग नव्हता, कौतुक होतं. तेच मला जास्त लागलं.

"ह्याला म्हणतात लोखंड," ते म्हणाले. "मॅडम, माझी गाडी काय, दुरुस्त होईल. पण ही रस्त्यावर नको. माझ्या दारात बरी."

"आप्पा, चूक गाडीची नाही," मी म्हणाले. "माझीपण पूर्ण नाही. तो माणूस सोडा विकत होता. हा अपघात धरू नका. मी पुन्हा नेते. हीच गाडी, हाच चढ."

गोरक्षने मान चोळत वरच्या शेडकडे बोट दाखवलं. त्याला बोलायची गरज नव्हती.

आप्पा दार उघडून सावकाश उतरले. आधी उजवा पाय, मग हाताने धरून डावा. बॉनेटवर तळहात ठेवला. ते गरम होतं, तरी काढला नाही.

"शब्द दिल्ता," ते म्हणाले, आणि किल्ली शेठच्या हातात ठेवली. मग माझ्याकडे वळून, सगळ्या लोकांदेखत, पुन्हा घरातल्यासारखं म्हणाले, "चल. कांदे तेवढे हातगाडीवर टाकू."

कांद्यांना भाव बरा मिळाला. बनुबाईंची मेथी तर तिथेच, अपघाताच्या गर्दीत संपली. "अशी रोज कुटं तरी धडकत जा," त्या म्हणाल्या. मी हसले, पण ते हसू माझं मलाच ऐकू आलं नाही.

चिंचेखाली आता एक लांबट कोरडा चौकोन आहे. पाऊस पडून गेला तरी तिथे गवत कमी येतं. आप्पा ओट्यावर बसतात, पण तोंड रस्त्याकडे करून.

दिवाळीनंतर शेठनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. पिकअप हॉटेलच्या दारात होती. तिला आकाशी रंग दिलेला, चाकं सिमेंटमध्ये पक्की बसवलेली, मागच्या हौद्यात झेंडूच्या कुंड्या. फोटोसाठी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा मी चालकाच्या जागी बसले. आप्पा काही न विचारता दुसऱ्या बाजूने चढले आणि शेजारी बसले. मी सवयीने क्लच दाबला. तो एकदम तळाला गेला. खाली काहीच जोडलेलं नव्हतं.

"मॅडम, गाडी चालवताय असं दाखवा ना," फोटो काढणारी मुलगी म्हणाली.

मी दाखवलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान सरळ, नजर लांबच्या रस्त्यावर. आप्पांनी काचेतून हात बाहेर काढला. रांगेतल्या कुणाला ते ओळखत नव्हते, तरी हात थोडा वर केला.

फोटो अप्रतिम आला. कॉलेजच्या ग्रुपवर टाकला तर प्राचार्यांनी लिहिलं, "अरे वा, तुम्हाला ही गाडी येते?" मी "हो" लिहिलं. इतक्या लांबून कोण तपासायला येणार होतं?

घरी येताना तो फोटो मी आप्पांना दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला. बराच वेळ बघितला. मला वाटलं, त्यांना भरून आलं असेल.

"दांडा बघ," ते म्हणाले. "न्यूट्रलला हाय."

आणि मोबाईल परत दिला.